रूळ आधी, ट्राम नंतर : एडिंबराच्या सायकलस्वारांचं प्रकरण

नवी ट्राम सुरू होणार म्हटलं की सगळ्यांचं लक्ष उद्घाटनाच्या तारखेकडे लागतं. स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरात, सायकल चालवणाऱ्यांच्या दृष्टीने या तारखेला फारसा अर्थ नव्हता. ट्राम धावली ३१ मे २०१४ रोजी. शहराच्या मुख्य रस्त्यावर, प्रिन्सेस स्ट्रीटवर, रूळ मात्र २००९ मध्येच बसले होते. मधली साडेचार वर्षं त्या रुळांवरून प्रवासी घेऊन एकही ट्राम गेली नाही. सायकली रोज जात होत्या आणि सायकलवरची माणसं पडतही होती.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. सायकलवाले ट्रामच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, अशी ही हकीकत नाही. एडिंबरा परिसरात ‘स्पोक्स’ नावाची सायकलस्वारांची संघटना १९७७ पासून काम करते. ट्राम आली तर गाड्या कमी होतील, हवा सुधारेल, हे तिला तत्त्वतः मान्यच होतं. मतभेद होता तो नकाशावरच्या रेषांबद्दल: रूळ रस्त्यात कुठून घालायचे, कुठे वळवायचे आणि त्या वळणावर सायकलने जायचं कुठून.

आधीचा घोळ

एडिंबराची जुनी ट्राम १६ नोव्हेंबर १९५६ रोजी बंद झाली. (मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ रोजी. रुळांमधून सायकल कशी काढायची हे हातापायांना ठाऊक असलेली पिढी दोन्ही शहरांत आता जवळजवळ संपली आहे.) नव्या ट्रामसाठीचे कायदे २००६ मध्ये झाले आणि २००८ मध्ये काम सुरू झालं. विमानतळापासून शहराच्या मध्यातून, लीथ या बंदराच्या भागातून थेट न्यूहेवनपर्यंत लाइन न्यायची, २०११ पर्यंत गाडी सुरू करायची आणि खर्च ५४ कोटी ५० लाख पौंडांत बसवायचा, असा बेत होता.

पुढे जे झालं ते आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ठेकेदार आणि महापालिकेची कंपनी यांच्यात भांडण, काम बंद, लवाद, पुन्हा काम. ऑगस्ट २०११ मध्ये नगरसेवकांनी लाइन शहराच्या पश्चिमेच्या हेमार्केट स्थानकापाशीच थांबवायचा ठराव केला. सरकारने उरलेला निधी रोखायची भाषा केली, तेव्हा काही दिवसांतच तो ठराव फिरवला. अखेर विमानतळ ते शहराच्या मध्यातलं यॉर्क प्लेस अशी १४ किलोमीटरची अर्धीमुर्धी लाइन ७७ कोटी ६० लाख पौंडांत उभी राहिली. ट्रामगाड्या मात्र पूर्ण लाइनच्या हिशेबाने आधीच घेऊन ठेवल्या होत्या, २७. या सगळ्याची चौकशी २०१४ मध्ये लॉर्ड हार्डी यांच्याकडे दिली गेली आणि तिचा अहवाल यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. चौकशीलाही प्रकल्पाचीच लागण झाली, असं तिथले लोक म्हणत असतील तर नवल नाही.

पैशाच्या या गोष्टीवर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. सायकलस्वारांच्या बाजूने पाहिलं तर याच विलंबातून वेगळा प्रश्न उभा राहत होता. रूळ घातल्यावर रस्ता खोदलेल्या अवस्थेत ठेवता येत नाही. तो बसना, टॅक्सींना, सायकलींना परत द्यावा लागतो. प्रिन्सेस स्ट्रीट २००९ च्या अखेरीस असाच परत मिळाला. त्यात ट्राम सोडून ट्रामचं सगळं होतं. पुढे रुळांच्या कडेचा रस्ता उखडू लागला आणि २०११–१२ मध्ये तोच रस्ता पुन्हा बंद करून पुन्हा करावा लागला. म्हणजे दुरुस्तीची संधी एकदा नव्हे, दोनदा मिळाली होती.

खाच आणि कोन

रस्त्यात बसवलेला ट्रामचा रूळ रेल्वेच्या रुळासारखा वर उठलेला नसतो. तो डांबराच्या पातळीत असतो आणि त्याच्या आतल्या बाजूने एक खाच जाते. ट्रामच्या चाकाची कड त्या खाचेत चालते, म्हणून ती बुजवता येत नाही. खाचेची रुंदी साधारण चार सेंटिमीटर. वेगाने चालवायच्या सायकलीचा टायर २५ ते २८ मिलिमीटरचा असतो, शहरात वापरायच्या सायकलीचा ३५ ते ४० च्या आसपास. दोन्ही त्या खाचेत उतरतात. डोंगरातल्या जाड टायरच्या सायकली वाचतात, पण कचेरीला जाणारे फार थोडे लोक त्या वापरतात.

पुढचं चाक खाचेत उतरलं की नेमकं काय होतं, ते सायकल न चालवणाऱ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. सायकल तोल धरते ती हँडलच्या सतत चालणाऱ्या बारीक हालचालींमुळे. डावीकडे झुकली की हँडल डावीकडे जरासं वळतं आणि चाक तोलाखाली येतं. हे आपण जाणीवपूर्वक करतच नाही. खाचेने चाक धरलं की ही हालचाल थांबते. त्यानंतर सायकल उभी राहायला कारणच उरत नाही. माणूस बाजूला पडतो, सेकंदभराच्या आत, हात टेकवायला जेमतेम वेळ मिळतो. मागून बस किंवा टॅक्सी येत असेल तर ती वेळेत थांबावी एवढीच आशा.

दुसरा प्रकार घसरण्याचा. ओल्या पोलादावर रबराची पकड राहत नाही आणि एडिंबरात पाऊस हा काही हंगामापुरता नसतो. रुळावर तिरकं जाताना चाक बाजूला निसटतं.

दोन्हींवर उपाय एकच: रूळ काटकोनात ओलांडायचा. ९० अंश सगळ्यांत उत्तम, ६० पर्यंत ठीक, त्याखाली धोका वाढत जातो आणि ३० च्या खाली तर नशिबावर भिस्त. हा नुसता अंदाज नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरात संशोधकांनी एका तिरक्या रेल्वे फाटकावर कॅमेरा लावला, तर दोन महिन्यांत ५३ सायकलस्वार पडताना टिपले गेले. मग तिथे सायकलची वाट आधी बाहेर वळवून रूळ सरळ ओलांडेल अशी केली, आणि पडणं जवळपास थांबलं. माणसं तीच, रूळ तेच.

खाच रबराने का भरत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक शहरात विचारला जातो. दिवसात एखाददुसरी मालगाडी जाते अशा जागी ते चालतं. दर काही मिनिटांनी ट्राम जाते तिथे रबर दाबलं जाऊन झिजतं आणि पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. तंत्रज्ञान उद्या आणखी सुधारेलही. तोवर भरवसा कोनाचाच.

हेमार्केट

आता हा कोन एडिंबराच्या रस्त्यावर ठेवून पाहू. हेमार्केट हे शहराच्या पश्चिमेचं रेल्वे स्थानक. मध्यवर्ती भागातून येणारी ट्राम इथपर्यंत रस्त्यातून येते आणि स्थानकापाशी रस्ता सोडून डावीकडे आपल्या स्वतंत्र मार्गावर जाते. पश्चिमेकडे घरी निघालेल्या सायकलस्वाराला मात्र सरळ जायचं असतं. ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणजे सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला. डावीकडे निघालेले रूळ तिची वाट कापतात.

कापतात ते कसे, इथे सगळी मेख आहे. त्या लांबलचक ट्रामगाड्या सुमारे ४३ मीटरच्या आहेत. इतकी लांब गाडी झटकन वळू शकत नाही. म्हणून रूळ हळूहळू, लांब तिरकी रेघ काढत रस्ता सोडतो. सायकलस्वार सरळ गेला तर त्याचा आणि रुळाचा कोन अगदी अरुंद होतो. ट्रामचं वळण बदलता येत नसेल, तर सायकलची वाट वळवायला हवी: आधी डावीकडे बाहेर काढायची, मग उजवीकडे वळवून रूळ सरळ ओलांडायला लावायची. त्यासाठी कडेला जागा लागते. हेमार्केटच्या कडेला होता टॅक्सीथांबा.

माझ्या मते या प्रकरणातला खरा वाद जागेचा होता, सुरक्षेबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. सायकलस्वार पडू नयेत असं महापालिकेलाही वाटत होतं, टॅक्सीवाल्यांनाही. पण सरळ ओलांडण्यापुरती दहा-वीस मीटरची पट्टी कोणाच्या वाट्यातून काढायची, यावर सगळं अडून राहतं. टॅक्सीथांबा हलवायचा, माल उतरवायची जागा कमी करायची, की गाड्यांची एक मार्गिका काढायची? नकाशा कागदावर असताना हा निर्णय पेन्सिलीने घेता येतो. रूळ काँक्रीटमध्ये बसल्यावर त्याच निर्णयासाठी उरतो तो फक्त रंग, म्हणजे रस्त्यावर पट्टे मारायचे. हेमार्केटला शेवटी तेच झालं. टॅक्सीथांब्याच्या जागेतून वळसा घेणारी सायकलची पट्टी रंगवली गेली. ती कोणत्या दिशेला नेते हे पहिल्यांदा जाणाऱ्याला कळायला वेळ लागतो आणि टॅक्सी उभी असली की तीही गेली.

दरम्यान शहरात धोक्याची सूचना देणारे फलक लागले. सल्ला असा की रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, सावकाश जा, पावसात विशेष काळजी घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण पाळायचा कसा? वाहत्या रस्त्यात काटकोन साधायचा तर आधी एका बाजूला सरून मग आडवं जावं लागतं, आणि ते मागच्या गाडीने जाऊ दिलं तरच. संध्याकाळी साडेपाचला मागे दुमजली बस असताना कोणता सायकलस्वार तिच्यासमोर आडवा जाईल? तो घाबरून कडेला राहतो, आणि कडेला राहिला की कोन अरुंद होतो. सावधगिरीनेच माणूस खाचेत जातो, अशी ही रचना. म्हणूनच पडणाऱ्यांत नवखेच होते असं नाही. रोज त्याच वाटेने कामावर जाणारे, मुरलेले सायकलस्वार मोठ्या संख्येने पडले.

२०१३ च्या डिसेंबरात प्रिन्सेस स्ट्रीटवर चाचणीची ट्राम दिसू लागली तेव्हा रस्त्यात नवीन काय आलं? सायकलस्वाराच्या नजरेतून फार काही नाही. खरं तर ट्राम ही त्यातल्या त्यात भरवशाची गाडी. ती कुठून जाणार हे रस्त्यावर कोरलेलंच असतं, मध्येच डावीकडे दाबत नाही, दार उघडून अंगावर येत नाही. धोका तिच्या खालच्या खाचेत होता आणि ती तोवर जुनी झाली होती.

डॉक्टरांची वही आणि न्यायालय

किती लोक पडले याचा हिशेब पोलिसांकडे पूर्ण मिळत नाही. दुसरी गाडी नसली की सायकलवरून पडणं ही ‘अपघात’ म्हणून नोंदवायची बाब आहे असं ना पडणाऱ्याला वाटत, ना हवालदाराला. म्हणून या प्रकरणात सगळ्यांत उपयोगी कागद इस्पितळातून आला. एडिंबरातल्याच अस्थिरोग शल्यचिकित्सकांनी २००९ ते २०१६ या काळात ट्रामच्या रुळांमुळे जखमी होऊन आलेल्या सायकलस्वारांची नोंद काढली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. एकूण १९१ रुग्ण. त्यांपैकी ६३ जणांचं हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला. मार बहुतेक हात, मनगट, खांदा या भागांत, म्हणजे बाजूला पडताना हात टेकवणाऱ्याला लागतो तिथेच. आणि बहुतेकांचं चाक खाचेत अडकलं होतं. घसरलेले त्या मानाने थोडे. इस्पितळात न जाता गुडघा पुसून पुढे गेलेले या वहीत नाहीत.

ही वही सुरू होते २००९ मध्ये, उद्घाटनाच्या पाच वर्षं आधी. एवढी एक तारीख पुरेशी बोलकी आहे.

३१ मे २०१७ रोजी, ट्रामला तीन वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकाच्या चौकात रुळांवर पडलेल्या एका तरुण सायकलस्वाराचा वाहनाखाली मृत्यू झाला. त्यानंतर महापालिकेने या मार्गावरचे चौक टप्प्याटप्प्याने बदलायला घेतले. सायकलच्या पट्ट्या ठळक रंगात आल्या. काही ठिकाणी सायकलला गाड्यांच्या काही क्षण आधी हिरवा दिवा मिळू लागला, म्हणजे मागच्या गाडीचा दबाव नसताना रूळ सरळ ओलांडता यावा. उजवीकडे वळायचं तर दोन टप्प्यांत वळायची सोय झाली. यातली एकही गोष्ट २०१७ मध्ये शोधून काढलेली नव्हती. युरोपातल्या ट्रामच्या शहरांत या सोयी नेहमीच्या आहेत आणि २००९ च्या आधीही होत्या.

न्यायालयाचा निकाल २०१९ मध्ये आला. स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये दोन सायकलस्वारांनी ट्रामची कंपनी आणि महापालिका यांच्यावर दावा केला होता. दोघेही प्रवासी सेवा सुरू होण्याआधी पडलेले, एक २०१२ मध्ये आणि एक २०१३ मध्ये. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रूळ ज्या पद्धतीने रस्त्यातून नेले होते, त्यात नेहमीची काळजी घेणाऱ्या सायकलस्वारालाही धोका होता, हे मान्य झालं. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. ‘फलक लावला होता, तरी पडले’ हे उत्तर पुरेसं ठरलं नाही. रस्त्याची रचना हीच तक्रारीची बाब होऊ शकते.

लीथ वॉक : दुसरा डाव

पहिल्या वेळी अर्धी राहिलेली लाइन पुढे न्यायचा निर्णय मार्च २०१९ मध्ये झाला. यॉर्क प्लेसपासून लीथ वॉकवरून खाली न्यूहेवनपर्यंत, साडेचार किलोमीटरच्या थोडं पुढे, खर्च २० कोटी ७० लाख पौंड. लीथ वॉक हा रुंद, दुकानांनी गजबजलेला, उताराचा रस्ता. लीथच्या लोकांनी पहिल्या फेरीत जमिनीखालचे नळ आणि तारा हलवण्यासाठी झालेलं खोदकाम सोसलं होतं आणि बदल्यात ट्राम मिळाली नव्हती. त्यामुळे ‘पुन्हा तेच’ ही भीती दुकानदारांना जेवढी होती तेवढीच सायकलवाल्यांनाही. पण या वेळी त्यांच्या हातात डॉक्टरांची वही होती, काम चालू होईपर्यंत न्यायालयाचा निकालही होता, आणि नकाशा अजून कागदावर होता.

फरक पडला. लीथ वॉकच्या वरच्या भागात, पिकार्डी प्लेसपासून पिलरिग स्ट्रीटपर्यंत, ट्राम रस्त्याच्या मधोमध आणि सायकलला दोन्ही कडांना स्वतंत्र मार्ग, रुळांपासून पूर्ण वेगळा. रुळांशी समांतर जायची वेळच येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या तुलनेत हे मोठं पाऊल होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण अंमलबजावणीत महापालिकेने स्वतःची फजिती करून घेतली. २०२२ मध्ये तयार होत असलेल्या या सायकलमार्गाचे फोटो जगभर फिरले. मार्ग सरळ जाता जाता अचानक काटकोनात वळत होता, दोन पावलांवर पुन्हा वळत होता, कारण त्याच्या वाटेत दुसरंच काही येत होतं आणि ते हलवण्यापेक्षा मार्ग वाकवणं सोपं होतं. लोक हसले, मग महापालिकेने ती वळणं सौम्य करून घेतली. चेष्टेच्या पलीकडे पाहिलं तर कारण हेमार्केटचंच होतं: आधी रूळ, मग गाड्या, मग थांबे, मग खांब, आणि शेवटी जे उरेल त्यात सायकल. सायकलमार्ग आणि फुटपाथ यांच्यातला फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही, त्यामुळे पायी चालणारे त्यावर येतात. दुकानांचे डबे आणि माल उतरवणाऱ्या व्हॅनही येतात. हा त्रास रुळात पडण्याइतका जीवघेणा नाही, पण त्याला कंटाळून लोक पुन्हा रुळांच्या रस्त्यावर उतरले तर मार्ग बांधून काय साधलं?

पिलरिग स्ट्रीटच्या खाली लीथ वॉक अरुंद होतो आणि स्वतंत्र मार्ग तिथे संपतो. सायकलस्वार पुन्हा गाड्यांसोबत, ट्रामसोबत. जागा कमी, हे खरंच आहे. पण कमी जागेत कोणाला आधी बसवायचं हा निवडीचा भाग होता, आणि ही निवड झाल्याचं कोणी मोठ्याने सांगितलं नाही. लीथ वॉकच्या पायथ्यापासून बंदराकडे जाणारा वेगळा सायकलमार्ग महापालिकेने दुसऱ्या प्रकल्पातून आखला, पण मधला तुकडा तसाच राहिला.

७ जून २०२३ रोजी न्यूहेवनची ट्राम सुरू झाली. गर्दीची वेळ टाळली तर सायकल ट्राममध्ये चढवताही येते. ब्रिटनमधल्या शहरी ट्राममध्ये ही मुभा पहिल्यांदा एडिंबरानेच दिली. चढावर दमलेल्याला तिचं मोल कळतं, आणि लीथ वॉक वर चढताना दम लागतोच.

पुढची लाइन

महापालिका आता उत्तरेच्या ग्रँटनपासून आग्नेयेच्या इस्पितळ परिसरापर्यंत आणखी एक लाइन नेऊ पाहते आहे. २०२५ मध्ये तिच्यावर लोकांची मतं मागवली गेली. उत्तरेकडच्या भागासाठी दोन वाटा विचारात घेतल्या गेल्या. एक ऑर्चर्ड ब्रे या रस्त्याने जाते. दुसरी रोझबर्न पाथवरून. हा पाथ म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेची जुनी वाट, आज झाडांच्या सावलीतला चालण्याचा आणि सायकलचा मार्ग. २००६ च्या कायद्यात ट्राम याच वाटेने दाखवलेली होती.

या वेळी सायकलस्वारांपुढचा पेच जुन्याहून अवघड आहे. ट्राम पाथवरून गेली तर गाड्यांचा एकही इंच जात नाही आणि शहरातला सगळ्यांत सुरक्षित सायकलमार्ग आक्रसतो. रस्त्याने गेली तर रूळ पुन्हा वाहतुकीत येतात, पुन्हा चौक, पुन्हा वळणं, पुन्हा कोन. स्वस्त आणि वेगवान कोणती, यावर अभियंते आकडे मांडतीलच. सायकलस्वारांनी मागायचा कागद दुसरा आहे: दोन्ही वाटांवर प्रत्येक ओलांडणीचा कोन किती अंशांचा, आणि वळसा घ्यायला कडेची जागा कोणाकडून घेणार. नकाशा अजून कागदावर आहे.